'बी' दाबलं की काळं

वर्डच्या फॉन्ट-यादीत 'मुक्ता' शोधा. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेलं एकच कुटुंब, सात वजनं. पण विंडोजवर लाइट, मीडियम, सेमीबोल्ड सगळ्यांची बिऱ्हाडं वेगळी. कारण जुन्या हिशेबात एका घरात चारच जण: रेग्युलर, बोल्ड आणि दोघांचे इटॅलिक. (देवनागरीत इटॅलिक मागितलं कोणी होतं?) मग मीडियमवर 'बी' दाबलं, की खरा बोल्ड येत नाही, असलेलंच अक्षर फुगवलं जातं. रोमनमध्ये ते एकवेळ खपतं. आपल्या 'क्ष'ची, 'ष्ठ'ची पोटं बुजतात. आद्रियान फ्रुटिगरने १९५७ मध्येच 'युनिव्हर्स'च्या वजनांना आकडे दिले होते. आजही प्रत्येक फॉन्टफाइलीत आकडा असतो: रेग्युलर ४००, बोल्ड ७००. तो मेन्यूत दाखवायला वर्डच्या बापाचं काय जातं?