पडद्यावरची बेरीज

हिशेबात चूक होणे वेगळे आणि हिशेबात खोट असणे वेगळे. पण चार बायकांसमोर चूक उघडी पडली की दोन्ही सारखीच दिसतात. हा धडा मला आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक सभेत मिळाला.

खजिनदारपण माझ्याकडे होते. वहीतून वाचून दाखवण्यापेक्षा या वेळी पडद्यावर दाखवू, म्हणून पॉवरपॉइंटमध्ये छान तक्ता केला. हळदीकुंकू ४,२५०, भोंडला १,८००, कोजागिरी ३,६००, सहल १२,५००, वाचनालय २,३५०. एकूण खर्च २४,५००. वर्गणी जमली होती २७,०००, म्हणजे शिल्लक २,५००. आदल्या रात्री पर्समध्ये बसच्या बिलाची दीड हजाराची चिठ्ठी सापडली. घाईघाईने सहलीचे १२,५०० खोडून १४,००० केले, नि निजले. बेरीज मात्र तशीच राहिली!

सभेत पहिल्या रांगेतल्या काकूंनी बोटांवर बेरीज केली आणि शांतपणे विचारले, "अगं, पेटीत तर हजारच आहेत. मग वरचे दीड हजार कुठे गेले?" त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. चिठ्ठी दाखवली, सगळ्यांना पटलेही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझी समजूत अशी, की संगणकावरचा तक्ता म्हणजे बेरीज आपोआप होणारच. तसे नसते. पॉवरपॉइंटचा साधा तक्ता म्हणजे नुसत्या आखलेल्या चौकटी. त्यात १४,००० लिहा नाहीतर 'चौदा हजार' लिहा, त्याला दोन्ही सारखेच. वर्डच्या तक्त्यात सूत्र घालायची सोय आहे, पण तिथेही आकडा बदलल्यावर सूत्राची जागा निवडून एफ-नऊ ही कळ दाबावी लागते. पॉवरपॉइंटच्या तक्त्यात तेवढीही सोय नाही.

मग करायचे काय? एक्सेलचा तक्ताच स्लाइडमध्ये आणून बसवायचा. कृती अशी:

१. वरच्या पट्टीवर 'इन्सर्ट', त्यात 'टेबल', आणि खाली 'एक्सेल स्प्रेडशीट' निवडा.

२. पहिल्या ओळीत मथळे द्या. ए स्तंभात खर्चाची नावे, बी स्तंभात रकमा. आपल्या पाच रकमा बी-दोन ते बी-सहा या घरांत येतील.

३. बी-सात या घरात आधी बरोबरचे चिन्ह, मग इंग्रजीत एस-यू-एम, कंस उघडून बी-दोन, विसर्गासारखी दोन टिंबे, बी-सहा, कंस बंद. एन्टर दाबा, बेरीज हजर!

४. बी-आठमध्ये जमा रक्कम लिहा. बी-नऊमध्ये बरोबरचे चिन्ह देऊन बी-आठ वजा बी-सात लिहा. ही झाली शिल्लक.

५. कोपरा ओढून रिकामी घरे झाका आणि तक्त्याच्या बाहेर क्लिक करा.

पुढे आकडा बदलायचा झाला की तक्त्यावर दोनदा क्लिक करा. सहलीचा आकडा बदलताच एकूण आणि शिल्लक दोन्ही बदलतील. मात्र हे सभेच्या आधी करावे. स्लाइड शो चालू असताना तक्ता नुसत्या चित्रासारखा असतो.

आता दोन-तीन खाचाखोचा. रकमेच्या घरात 'रु.' किंवा 'फक्त' असे शब्द लिहू नका. संगणक त्याला मजकूर समजतो आणि बेरजेतून चक्क गाळतो, तेही न सांगता. नुसता आकडा लिहावा, रुपये मथळ्यात.

दुसरे म्हणजे, घरखर्चाच्या एक्सेल वहीतून तक्ता उचलून असा बसवलात, तर त्याच्यामागे अख्खी वही येऊ शकते. ती फाइल मैत्रिणीला पाठवलीत, तर तिने दोनदा क्लिक केल्यावर ह्यांचा पगार नि दुधाची उधारीसुद्धा दिसायची! म्हणून मंडळाची वही वेगळी ठेवावी, किंवा पाठवताना पीडीएफ करून पाठवावे.

गूगल स्लाइड्स वापरणाऱ्यांनी बेरीज शीट्समध्ये करावी, तिथून तक्ता आणून चिकटवावा आणि चिकटवताना वहीशी जोडून ठेवायचा पर्याय निवडावा. वहीत बदल केल्यावर स्लाइडमधल्या तक्त्यावरचे 'अपडेट' बटण आठवणीने दाबावे.

आणि शेवटी, यंत्राने केलेली बेरीजही एकदा हाताने ताडून पाहावी. एखादी ओळ सूत्राच्या बाहेर राहिली, तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. वाण्याचे बिल आपण तपासतोच ना? मग हे का नको? दुसऱ्याचे पैसे सांभाळणाऱ्या बाईला पाच मिनिटांचा आळस फार महाग पडतो.