राखेखालचा निखारा

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात सीख कबाबच्या शेगड्या फुलतात. रोजेदारांच्या खांद्याला खांदा लावून इतर धर्मांचे खवय्येही तिथे उभे असतात. वर ताडपत्री आणि रोषणाईच्या माळा, खाली लाल निखारे. चरबीचा थेंब कोळशावर पडला की ज्वाळा उसळते. घाईत कुणी पाणी ओतले तर पेटती चरबी चहूकडे उडते. तिथे वाळूची बादलीच हवी. पेटत्या शेगडीत रॉकेल ओतणाऱ्याला तर गिऱ्हाइकानेच टोकावे. त्याने कबाबही बिघडतो!

खरा घात होतो तो सहरीच्या सुमारास. दुकानदार थकलेला, राख वरून गार दिसते, म्हणून ती कचराकुंडीत जाते. राखेखालचा निखारा मात्र कित्येक तास जिवंत असतो. पत्र्याच्या डब्यात ती पुरती भिजवायला दोन मिनिटे पुरतात.

आणि गल्लीच्या तोंडाशी मांडलेली टेबले? 101 ला फोन लागला तरी बंब आत शिरणार कुठून, हे व्यापाऱ्यांनी आणि पालिकेने ईदची गर्दी वाढण्याआधी एकत्र बसून ठरवायला हवे.