ट्रॅक्टरच्या चाकाची कुरकुर

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की घरातील लहान पोरही सांगत असे, "वंगण संपले." गाडीला टांगलेला वंगणाचा नळा तात्काळ खाली उतरत असे. आता संतपूर, औराद या भागात तुरीची पोती आणि ऊस ट्रॅक्टरने जातो. चाक मात्र आजही कुरकुरते. इंजिनाच्या गर्जनेत ते ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तरी "हंगाम उरकू दे, मग पाहू" असे म्हणून आपण पुढे जातो. हे पुढे ढकलणेच घातक होय.

ट्रॅक्टरचे पुढचे चाक आखावर दोन बेअरिंगांच्या आधाराने फिरते. ही बेअरिंगे बहुधा निमुळत्या रुळांची असतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्यांचे पेटंट मिळविले. हे गृहस्थ मुळात घोडागाड्या बनविणारे कारागीर होते. वळणावर चाकावर आडवा रेटा बसतो, तो साध्या बेअरिंगला सोसत नाही, ही अडचण त्यांनी या निमुळत्या रुळांनी दूर केली. म्हणजे ट्रॅक्टरचे चाकही गाडीच्या चाकाचेच भावंड आहे. त्यालाही वंगण हवे, आणि आखाच्या टोकाला खीळ हवी.

आवाज आला तर प्रथम तो केव्हा येतो हे पाहावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदाच 'टक्' असे वाजत असेल, तर टायरच्या खाचेत खडा अडकला असेल किंवा चाकाचा नट सैल झाला असेल. नटाखाली गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली, तर संशय बळकट होतो. ब्रेक दाबताच करकर झाली, तर ब्रेकचे अस्तर झिजले असावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवीत क्षणभर क्लच दाबावा. तरीही घरघर राहिली, तर दोष इंजिनात नसून चाकांत किंवा मागच्या आखात आहे. उतारावर हा प्रयोग कदापि करू नये. काही अंतर चालवून थांबल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एक बाजू दुसरीहून फार तापली असेल, तर तेथील बेअरिंग पीडित आहे असे समजावे.

मग पुढचे चाक तपासावे. इंजिन बंद करून हातब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगडांची अडण द्यावी. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. चाक उचलल्यावर आखाखाली लाकडी ठोकळे रचावेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. चाक वरून व खालून धरून हलवावे. ते खडखडले तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. हाताने फिरविताना खरखर लागली, तर बेअरिंगच्या रुळांना खड्डे पडलेले असण्याचा संभव असतो. अशा बेअरिंगला ग्रीस भरून उपयोग नाही. ते बदललेच पाहिजे. वेळीच बदलले तर तेवढ्यावर भागते. तसेच दामटले तर आखही जातो.

जुनी खीळ पुन्हा वापरू नये, नवी घालावी. चाक काढून बसविल्यावर काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळावेत. धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नये. पाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेते. मागच्या चाकाचा आवाज आखाच्या आतून येत असेल, तर ते काम अनुभवी मिस्त्रीचे आहे.

ट्रॉलीची चाकेही याच दृष्टीने पाहावीत. ट्रॉलीचे चाक निखळले तर नुसता ऊस सांडत नाही. तोडणीचे मजूर कित्येकदा त्याच उसावर बसलेले असतात, आणि त्यांत आयाबायांच्या कडेवरची लेकरेही असतात. पोटासाठी आलेल्या त्या माणसांचा जीव चालकाच्या कानावर अवलंबून असतो. भरल्या ट्रॉलीवर माणसे बसवूच नयेत. आणि चाक वाजत असेल, तर ती हलवूही नये.

शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण १५ मे रोजी येतो. तेव्हा मृगाच्या पावसाला थोडाच अवधी उरलेला असतो. चाके उघडून, पुसून, नवे ग्रीस भरण्यास याहून योग्य दिवस कोणता? तो संत प्रार्थनेत असताना देवदूत त्याचा नांगर हाकीत, असे परंपरा सांगते. वाचकहो, त्या दिवशी आपणही प्रार्थना अवश्य करावी. ग्रीस भरण्याचे काम मात्र देवदूतांवर सोपवू नये.