हातोडा इतक्यात अडगळीत टाकू नका



‘उपग्रह असताना दख्खनच्या खडकांचा नकाशा घरबसल्या करता येईल’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच पटले. धुळे-नंदुरबारकडच्या डाइकांबाबत ते खरे आहे. भेगांत लाव्हा थिजून झालेल्या या भिंती आजूबाजूचा खडक झिजल्यावर उघड्या पडल्या. उपग्रहचित्रात त्या लांबच लांब रेघांसारख्या उठून दिसतात. पायी फिरणाऱ्याला अख्खी रेघ एका नजरेत कधीच दिसली नसती.

सह्याद्रीत मात्र घोडे अडते. आंबेनळी, पोलादपूर, बुशे ही लाव्हाथरांच्या गटांची नावे. पण खडक सगळा बेसॉल्टच, दिसायला काळाच. त्यांतला फरक मुख्यतः टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणावरून ठरतो आणि त्यासाठी तुकडा फोडून प्रयोगशाळेत न्यावाच लागतो. दोन थरांमधला लाल मातकट पट्टा घाटात एसटीच्या खिडकीतूनही दिसतो, पण तो उभ्या कड्यात. वरून पाहणाऱ्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. त्यात मीटरभर जाडीचा पट्टा सापडायचा कुठून? महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर तर जांभ्याचे झाकणच. पावसाळ्यात ढग, नंतर हिरवे गवत. (चित्रे मार्च-एप्रिलची घ्यावीत, एवढे तरी त्यांनी लिहायचे!)

उपग्रहाने दिलेल्या उंचीच्या आकड्यांवरून थर जोडत जाणेही धोक्याचे. थर सपाट वाटले तरी दक्षिणेकडे ते हलकेच उतरत जातात. त्यामुळे सारख्या उंचीवरचे दोन कडे एकाच थराचे असतील, असे धरून चालता येत नाही.

– एक वाचक, सातारा