जपानी शिस्तीचं कौतुक पुरे झालं

जपान फिरून आलेल्या मराठी माणसाची पोस्ट उघडण्याआधीच तिच्यात काय असणार ते सांगता येतं. फुजीचा फोटो, आणि फुजी दिसला नसेल तर ढगांचा. फुशिमी इनारीच्या केशरी कमानी. शिंकान्सेन स्टेशनात शिरतानाचा व्हिडिओ. सात मिनिटांत आख्खी गाडी चकाचक करणारे सफाई कर्मचारी. आणि शेवटी तो परिच्छेद: रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, कचरापेटीसुद्धा नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही, एकदा गाडी वीस सेकंद लवकर सुटली तर कंपनीने माफी मागितली. 'हे आपल्याकडे होणार नाही, कारण आपल्या लोकांना शिस्तच नाही.' खाली भरपूर लाइक्स आणि एका काकांची कमेंट, की आपल्याला चाबूकच पाहिजे.

हा परिच्छेद टूर कंपनीबरोबर गेलेल्यांनी लिहिला तर मी सोडून देतो. आठ दिवस एसी बसमध्ये बसायचं, झेंडेवाल्या गाइडच्या मागे चालायचं, रात्री हॉटेलात पुरी-भाजी खायची. त्यांना जपान काचेतून दिसतो, आणि काचेतून शिस्तच दिसते. पण आता माझ्या वयाचे, स्वतः तिकीट काढून, हॉस्टेलमध्ये राहून, 'सोलो' फिरून आलेले लोकही तोच परिच्छेद लिहितात. त्यांचा मला राग येतो. कारण त्यांनी ती व्यवस्था स्वतःच्या हाताने वापरलेली असते. भाषा येत नसताना, वाचता येत नसताना, चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून वापरलेली असते. बेशिस्त होते ते स्वतःच. आणि तरी पोचले. कसे पोचले, हा प्रश्न त्यांना का पडत नाही?

एक यंत्र घ्या. जपानमधल्या बहुतेक मोठ्या स्टेशनांवर बाहेर पडायच्या गेटच्या आतल्या बाजूला एक मशीन असतं. तुम्ही 180 येनचं तिकीट काढलंत आणि 240 येनच्या स्टेशनवर उतरलात, तर त्या मशीनमध्ये तिकीट घालायचं, वरचे 60 येन भरायचे, बाहेर पडायचं. दंड नाही, टीसी नाही, 'कुठून आलात' नाही. भाड्याचा तक्ता कळला नाही तर सरळ सगळ्यात स्वस्त तिकीट काढा आणि उतरताना फरक भरा, असं जुने प्रवासी नवख्यांना सांगतात. आता आपल्याकडे पाहा. मुंबई लोकलमध्ये तिकिटापेक्षा एक स्टेशन पुढे गेलात आणि पकडले गेलात, तर भाड्याच्या फरकावर किमान 250 रुपये दंड. तुम्ही फसवायला निघाला होतात की तुम्हाला डुलकी लागली होती, याच्याशी रेल्वेला देणंघेणं नाही.

शिस्त कुठल्या देशात जास्त मागितली जाते, सांगा. आपल्याकडे! आपली व्यवस्था असं गृहीत धरते की माणूस चुकणार नाही, आणि चुकला तर तो चोर. जपानमधली व्यवस्था असं गृहीत धरते की माणूस हमखास चुकणार, म्हणून चूक दुरुस्त करायचं मशीनच बसवून ठेवते. माझ्या धंद्यात याला फार साधा नियम आहे. हजार लोक एकाच बटणावर चुकत असतील तर लोकांना ट्रेनिंग देत बसायचं नाही, बटण बदलायचं.

आणि चुकणारी माणसं तिथेही भरपूर आहेत. दारू पिऊन झोकांड्या देणारा सूटबूटवाला टोकियोच्या शेवटच्या लोकलमध्ये शोधावा लागत नाही. ओसाकाकडच्या रेल्वे कंपनीने प्लॅटफॉर्मवरून पडणाऱ्या मद्यपींचे व्हिडिओ तपासले, तेव्हा लक्षात आलं की बरेचजण काठावरून तोल जाऊन पडत नाहीत. ते बाकावरून उठतात आणि नाकासमोर चालत थेट रुळांवर जातात. मग 2015 पासून कंपनीने काही स्टेशनांवरचे बाक काटकोनात फिरवले. आता उठून सरळ चाललं तरी माणूस प्लॅटफॉर्मच्या लांबीने चालतो. 'दारू पिऊन प्रवास करू नका' हे लिहिणं स्वस्त पडलं असतं. बाक फिरवणं म्हणजे मान्य करणं, की लोक पिणारच.

पिवळ्या उंचवट्याच्या फरशा तर तुम्ही आपल्या स्टेशनांवर, फुटपाथांवरही पाहिल्या असतील. त्या जपानमधल्याच. सेइइची मियाके या माणसाने 1965 साली त्या तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. टोकियोत या पट्टीवर डोळे मिटून चालून पाहावं (गर्दी नसताना). ती वळते, जिन्यापाशी ठिपक्यांची होते, पुन्हा रेघांची होते, आणि गेटपर्यंत नेऊन सोडते. आपल्याकडे तीच पट्टी कितीदा तरी झाडाच्या बुंध्याला, विजेच्या डीपीला किंवा वडापावच्या गाडीला जाऊन संपते. वस्तू आपण आणली, ती कशासाठी आहे हे आणायचं राहिलं. याचा दोष कुठल्या नागरिकाच्या शिस्तीवर टाकणार आहात?

आता त्या पोस्टमधली आवडती उदाहरणं. रस्त्यावर कचरापेट्या नसणं हे काही प्राचीन संस्कारांचं फळ नाही. 20 मार्च 1995 ला ओम शिन्रिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांतून आणि सार्वजनिक जागांमधून पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. लोक कचरा खिशात घालून घरी नेतात हे खरं, पण ते दर कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनच्या पेटीतही हळूच टाकतात, आणि पर्यटक तर टाकतातच. साठच्या दशकात टोकियोतून वाहणाऱ्या सुमिदा नदीला घाण वास येत असे. 1964 च्या ऑलिंपिकला जगभरचे पाहुणे येणार म्हणून शहर झाडायला मोहिमा काढाव्या लागल्या. ती पिढीही जपानीच होती. त्यांच्या रक्तात शिस्त होती, तर नदीचं काय झालं होतं?

सभ्यतेचंही तसंच. गर्दीच्या वेळी टोकियोच्या अनेक मार्गांवर बायकांसाठी वेगळा डबा असतो. 2001 पासून हे डबे पुन्हा सुरू करावे लागले, कारण गाडीत बायकांना चाचपणारे पुरुष. त्याला तिथे 'चिकान' असा रोजच्या वापरातला शब्द आहे. रीलमध्ये मात्र फक्त रांग दिसते.

आणि निव्वळ शिस्तीवर गाडी चालवली तर काय होतं, तेही जपानने पाहिलंय. 25 एप्रिल 2005, आमागासाकी. 23 वर्षांचा मोटरमन आधीच्या स्टेशनवर ठरलेल्या जागेच्या पुढे गेला, गाडी मागे घ्यावी लागली, साधारण दीड मिनिट उशीर झाला. उशीर करणाऱ्या मोटरमनला त्या कंपनीत 'पुनर्शिक्षणा'ला पाठवत. म्हणजे गवत उपटायचं, दिवसभर चुकीची कबुली लिहीत बसायचं, वरिष्ठांची बोलणी खायची. तो वेळ भरून काढायला गेला. 70 च्या वेगमर्यादेच्या वळणावर गाडी ताशी 116 किलोमीटरने गेली आणि एका इमारतीत घुसली. त्याच्यासह 107 माणसं मेली. त्या वळणावर वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा बसवलेली नव्हती. नंतर ती बसवली आणि वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवली. काकांना हवा असलेला चाबूक तिथे होता. नव्हतं ते पाच-पंचवीस सेकंदांचं अंतर आणि एक ब्रेक.

दीड मिनिटासाठी एक पोरगा मरणाला घाबरला होता, हे लक्षात घेऊन मग ती 'वीस सेकंद लवकर, तरी माफी'वाली बातमी पुन्हा वाचा. मला ती पूर्वीइतकी गोड लागत नाही.

शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात मी गेलो ते वेलींचा पूल बघायला. ओबोके नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरून बस घ्यायची. त्या भागात रेल्वेला सुइका कार्ड चालत नाही, शहरी सवयी तिथे संपतात. बसथांब्यावर एक खांब, खांबावर एक कागद. कागदावर दोन रकाने, एक कामाच्या दिवसांचा आणि एक शनिवार-रविवार-सुट्ट्यांचा. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच बस. जाण्याआधी इंटरनेटवर फोटो काढून भाषांतर करून ठेवलं होतं, त्यामुळे रकाना चुकला नाही. आत शिरताना यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो, त्यावर प्रत्येक आकड्यासमोर भाडं, थांबे सरकतात तसं ते वाढत जातं. उतरताना आपल्या आकड्यासमोरचे पैसे चिठ्ठीसकट पेटीत टाकायचे. सुटे नसतील तर पेटीतच सुटे करायची सोय. माझं आणि ड्रायव्हरचं बोलणं झालं 'अरिगातो' एवढंच. मला एकही जपानी अक्षर वाचता येत नव्हतं, आणि मला कुणाच्याही चांगुलपणाची गरज पडली नाही. (चांगुलपणा भेटला. शेजारच्या आजींनी मोसंबीसारखं फळ हातात ठेवलं. पण तो वेगळा विषय.)

स्वतंत्र प्रवास म्हणतात तो हा. माझ्या धाडसाचा त्यात वाटा फार थोडा. बाकी सगळं कुणीतरी आधी करून ठेवलेलं काम. टोकियोच्या भुयारी स्टेशनांना 2004 मध्ये अक्षर-आकड्याचे क्रमांक मिळाले, म्हणून नाव वाचता न येणारा माणूस जी-9 शोधत गिन्झाला उतरू शकतो. 2013 मध्ये देशभरातली दहा वेगवेगळी कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालू लागली. 2017 मध्ये तिथल्या वाहतूक मंत्रालयाने बसचं वेळापत्रक कोणत्या डिजिटल साच्यात द्यायचं याचं मानक ठरवून दिलं, कारण खेड्यातल्या छोट्या बस कंपन्या मोबाइलच्या नकाशात दिसतच नव्हत्या. हे शेवटचं काम म्हणजे शब्दशः कॉमांनी तोडलेल्या टेक्स्ट फाइल. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं करतील असलं काम. त्याला हजार वर्षांची सामुराई परंपरा लागत नाही.

ही कामं पैशांनी होतात आणि पैसा गेला की बंदही पडतात. जपानची सरकारी रेल्वे 37 लाख कोटी येनच्या आसपास कर्जात बुडाली आणि 1987 मध्ये तिचे तुकडे करून कंपन्या केल्या. शहरांजवळच्या कंपन्या तरल्या. गोत्सू ते मियोशी ही 108 किलोमीटरची लाइन 2018 मध्ये बंद झाली, होक्काइदोत एकामागून एक लाइनी बंद होतायत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची शिस्त टोकियोवाल्यांपेक्षा तसूभरही कमी नसेल. पण त्यांच्या पोस्ट कुणी टाकत नाही, कारण आपण तिथे जातच नाही. आपण टोकियो-क्योतो-ओसाका करतो. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येनवर गेला, तरी 'वसूल' करण्यासाठी हिरोशिमा एका दिवसात उरकून येणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. अणुबॉम्बचं संग्रहालय, ओकोनोमियाकी, परतीची गाडी.

एक हरकत घेतली जाईल, ती खरी आहे. जपानी मुलं शाळेत आपला वर्ग स्वतः झाडतात, वर्ल्डकपमध्ये प्रेक्षक स्टेडियम साफ करून जातात. सवयी असतात, त्या शिकवल्या जातात, नाकारण्यात अर्थ नाही. पण सवय लागायलाही जागा लागते. प्लॅटफॉर्मवर दार नेमकं कुठे येणार याची खूण असेल आणि गाडी तिथेच थांबत असेल, तरच दाराच्या दोन बाजूंना रांग लावण्यात शहाणपणा. पुण्यात पीएमपीची बस थांब्याच्या पुढे वीस पावलांवर थांबत असेल, तर रांगेतला पहिला माणूस शेवटचा होतो. रांग मोडून धावणारा मग बेशिस्त नसतो, त्याला फक्त घरी जायचं असतं. तोच माणूस मेट्रोत शिरला की उजवी-डावीकडे उभा राहून आधी उतरणाऱ्यांना वाट देतो. स्वारगेटच्या जिन्यावरून खाली उतरताना त्याचा पुनर्जन्म झाला काय?

'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे वाक्य सगळ्यांच्या सोयीचं आहे. त्यात कुठल्याही खात्याचं, टेंडरचं, अधिकाऱ्याचं नाव येत नाही. बोलणारा स्वतः 'आपल्या लोकां'मधून अलगद बाजूला होतो. आणि रोज फुटबोर्डवर लटकून कामावर जाणाऱ्या माणसावर, ज्याने जपानच काय, विमानही पाहिलेलं नाही, सगळा दोष जातो. परत आल्यावर लिहायचंच असेल तर दुसरं लिहा. भाड्याचा फरक भरायच्या मशीनचा फोटो टाका. बसथांब्यावरच्या कागदाचा टाका, दोन्ही रकाने दिसतील असा. खाली आपल्या गावच्या एसटी डेपोला टॅग करा आणि विचारा की रविवारची शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि हे कुठे लिहिलंय.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानच्या कर्जावर आणि जपानच्या तंत्रावर होते आहे, 508 किलोमीटर, बारा स्टेशनं. त्यातलं एक बोईसर. गाडी वेळेवर येईल याबद्दल मला फारशी शंका नाही. उतरल्यावर स्टेशनबाहेरून डहाणूकडे, विक्रमगडकडे जायचं असेल, तर तिथे एक खांब आणि एक कागद असणार आहे का, एवढं कुणीतरी आत्ताच विचारून ठेवा.