चाकू विकता, मग तेलही नीट सांगा!

पुसेगावात माझ्या दुकानातून घडीचा चाकू नेणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "याला तेल कोणतं टाकू?" आधी मी बिनधास्त सांगायचो, "घरातलं सोयाबीन तेल टाका." दोन महिन्यांनी एक काका परत आले. पातं जाम झालेलं, जोर लावून उघडताना बोट कापलेलं. चूक माझीच होती.

सोयाबीन, करडईचं तेल हवा लागून चिकट होतं, त्यात धूळ बसते. खोबरेल थंडीत गोठतं. गंज सोडवायचा स्प्रे घाण काढायला ठीक, पण तो फार दिवस टिकत नाही.

मग काय सांगायचं? शेतात दोऱ्या कापायच्या असतील, तर शिलाई मशीनचं तेल. फळं कापायची असतील, तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन. आधी खिळीतली धूळ पुसा, एकच थेंब टाका, चार वेळा उघड-मीट करा, जास्तीचं पुसून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: महागडा स्प्रे गळ्यात मारून एकदाच कमाई होते, खरा सल्ला दिला की गिऱ्हाईक परत येतं. जे विकता, ते आधी स्वतः वापरा. तुमच्या मालाबद्दल लोक काय विचारतात? कमेंटमध्ये लिहा.