मांडव सातासमुद्रापार

तुळशीची लग्नं लागली की महाराष्ट्रातल्या घरांना लग्नसराईचे वेध लागतात. चातुर्मासात अडलेली कार्यं मोकळी होतात, कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, केळवणांची बोलावणी फिरतात. गेल्या काही वर्षांत या दिवसांत मध्यमवर्गीय घरांमध्ये एक नवा प्रश्न मुक्कामाला येतो. भाच्याचं, पुतणीचं किंवा दिराच्या मुलाचं लग्न फुकेतला, बालीला नाहीतर दुबईला ठरलेलं असतं. पत्रिका मोबाइलवर आलेली असते. हॉटेलातल्या दोन-तीन रात्रींची सोय यजमान करणार असतात, विमानाचं तिकीट मात्र ज्याचं त्यानं काढायचं असतं. जायचं का?

प्रश्न पैशापाशी सुरू होतो, म्हणून आधी पैशाचंच बोलू. चौघांचं कुटुंब आहे आणि जाण्यायेण्याचं तिकीट माणशी पंचवीस-तीस हजारांना पडलं असं धरलं, तर घराला कुलूप लावण्याआधीच लाख-सव्वा लाख रुपये गेले. बालीला उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसासाठी माणशी ५ लाख रुपिया भरावे लागतात आणि फेब्रुवारी २०२४ पासून बेटाचा पर्यटक कर म्हणून आणखी दीड लाख. आकडे ऐकून दचकायला होतं, पण आपल्या पैशांत ते माणशी तीन-चार हजारांच्या घरात जातात. युरोपातलं लग्न असेल तर शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो झालं. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांना तो तरुणांपेक्षा महाग पडतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली तेव्हा हा एक अडसर दूर झाला आणि तिकडचे मांडव वाढले. पण मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीताला चमचमता असे ठरवून दिलेले पोशाख आणि घरच्यांच्या मानाचा आहेर हा खर्च कुठल्याच देशाने माफ केलेला नाही.

ज्या घराला हे सहज झेपतं त्याच्यापुढे फारसा प्रश्न नाही. त्यांनी जावं, आनंदानं जावं. अडचण होते ती मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीसाठी किंवा आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवर ज्यांची नजर जाते त्यांची. ते पैसे मोडू नयेत, आणि हप्त्यांवर तिकिटं काढू नयेत, असं आम्हाला स्पष्ट वाटतं. ऋण काढून कार्य करू नका, हे गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांत कार्य करणाऱ्यांना बजावत असत. दुसऱ्याच्या कार्याला जाण्यासाठी कर्ज काढायची वेळ येईल, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनातही आली नसती.

पैसे असूनही जाता येत नाही अशी माणसं प्रत्येक गोतावळ्यात असतात, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. गोठ्यात दुभती जनावरं असलेल्या काकांना चार दिवस घर सोडता येत नाही. ऊस तोडणीला आलेला असेल तर टोळी कधी येईल याकडे डोळे लागलेले असतात. ज्यांचं पोट रोजच्या गल्ल्यावर आहे त्यांची रजा कोणी मंजूर करत नाही, ती त्यांच्या खिशातूनच जाते. आणि कागदपत्रं! आपल्याकडे कित्येक जणींचं लग्नात आडनावच नव्हे, नावही बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा दाखला कोणी काढून ठेवलेला नसतो. सांगलीच्या अशा एखाद्या आत्याला आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढायचा असेल तर १५०० रुपयांचं शुल्क हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. खरी दमछाक होते ती ‘मीच ती’ हे सिद्ध करण्यात. शेवटी ठरतं, की तिला व्हिडिओ कॉलवर दाखवू.

हे आम्हाला सलतं. मराठी लग्नात नातेवाईक प्रेक्षक म्हणून बसलेले नसतात, त्यांना कामं असतात. मामा मुलीला बोहल्यावर आणतो. भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. करवली पाठीशी उभी राहते. आदल्या दिवशी सुवासिनी घाणा भरतात, रुखवत मांडायला आणि त्याची वाखाणणी करायला मावश्या-माम्या लागतात. ज्याला कोणतंच काम नाही त्याच्याही हातात अक्षता असतात, आणि त्या टाकायला तो तिथे असावा लागतो. मांडव परदेशात गेला की कोण येऊ शकतं हे नात्यावरून ठरत नाही, तिकिटावरून ठरतं. दूरचा पण सधन मित्र पहिल्या रांगेत असतो आणि जिने मुलाला अंगाखांद्यावर खेळवलं ती आत्या पडद्यावर. यजमानांच्या मनात असं काही नसतं हे आम्हाला मान्य आहे. तरी घडतं ते हेच.

पंतप्रधानांनी २६ नोव्हेंबर २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये परदेशात लग्नं करण्याच्या प्रथेवर नापसंती व्यक्त केली, तेव्हा मुद्दा देशाचा पैसा देशात राहण्याचा होता. तो मुद्दा आपल्या जागी आहे. पण लग्न उदयपूरला ठेवलं म्हणून सांगलीच्या आत्याची अडचण संपत नाही, थोडी कमी होते इतकंच. आमचा मुद्दा घराचा आहे.

म्हणूनच परदेशातली सगळी लग्नं एका मापाने मोजू नयेत. पुतण्या पंधरा वर्षं न्यू जर्सीत राहतो, त्याची नोकरी तिथे, मित्र तिथे, होणाऱ्या बायकोचं घर तिथे. त्याचं लग्न तिथे होणं स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर, मुलाखतीच्या तारखेसाठी वाट पाहणं, सोळा-अठरा तासांचा प्रवास, हे सगळं सोसून कोणी गेलं तर त्यातून बरंच हाती लागतं. पोरगा सकाळी कुठल्या गाडीने कामाला जातो, भाजी कुठून आणतो, आजारी पडला तर शेजारचं कोण दार वाजवतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या फोनवरच्या गप्पांना वेगळीच ओल येते. अशा प्रवासासाठी दोन वर्षं पैसे साठवावेत, सांगलीहून आत्यानेही जावं, असं आम्ही म्हणू. याउलट दोघांपैकी कोणाचंच कोणी राहत नाही अशा किनाऱ्यावरचं लग्न ही एक सुंदर सहल असते. २०१७ मध्ये टस्कनीत विराट कोहली-अनुष्का शर्मा आणि २०१८ मध्ये कोमो सरोवराकाठी दीपिका पदुकोण-रणवीर सिंह यांची लग्नं झाली, तेव्हापासून ती सहल अनेक तरुणांच्या मनात घर करून बसली आहे. हौस करण्यात पाप नाही. पण सहलीला न येणं म्हणजे नातं नाकारणं नव्हे, एवढं दोन्ही बाजूंनी मानलं तर निम्मे रुसवे जागीच मिटतील.

कायद्याची बाजू इथे फार उपयोगी पडते. परदेशातल्या भारतीय वकिलातीत विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचं तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकाने त्या भागात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं आणि त्यानंतर नोटिशीचा काळ जावा लागतो. चार दिवसांच्या सोहळ्यात हे बसत नाही. म्हणून अनेक जोडपी कायदेशीर लग्न मायदेशातच उरकतात. विशेष विवाह कायद्याखाली ते करायचं तर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका प्रकरणात सांगितलं, की हिंदू विवाह हा नाचगाणी आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नाही, त्यात विधींना महत्त्व आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत लग्नाला जे खरोखर लागतं ते सगळं आपल्या गावात, आपल्या माणसांत होऊ शकतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पुरोहिताविना आणि अगदी थोड्या खर्चात लग्न लावून दाखवलं होतं. साधेपणाची ही वाट आपल्याला बाहेरून आणायची नाही.

एवढ्यासाठी यजमानांकडे आमचं एक मागणं आहे. बाहेर जायचंच असेल तर जा, पण नोंदणीचा दिवस कारकुनी काम समजून तीन मित्रांना घेऊन उरकू नका. त्या दिवशी ज्यांना विमानात बसणं शक्य नाही त्यांना बोलवा. साक्षीदार म्हणून आत्याची सही घ्या, काकांची घ्या. दुपारी वरणभात, मसालेभात, जिलबीची पंगत बसवा. ज्याच्या हातून विधी व्हावा अशी तुमची मनापासून इच्छा आहे, त्या मामाचं तिकीट तुम्ही काढा आणि तसं आधी, त्याला एकट्याला गाठून, त्याचा मान राखून सांगा. त्याला सर्वांदेखत हिशेब करायला लावू नका. आणि कोणी येत नाही म्हणालं तर कारण विचारू नका. कारण बहुतेक वेळा ठाऊक असतं, आणि ते उच्चारायला लावणं क्रूर असतं.

ज्यांना आमंत्रण आलं आहे त्यांनी घरात एकदा मोकळेपणाने बसून बोलावं. बऱ्याच घरांत हे बोलणं होतच नाही. नवऱ्याला वाटतं, बायकोच्या माहेरचं कार्य आहे, नाही कसं म्हणायचं. बायकोला वाटतं, त्यांच्या पगारावर ओझं नको, पण मी कशी सुचवू. मुलांना समुद्र दिसत असतो. महिनाभर असं गेलं की तिकिटं महागतात आणि निर्णय नाइलाजाचा होतो. चौघांनी जाणं झेपत नसेल तर एकानेच जावं, आणि तो एक म्हणजे दरवेळी घरचा पुरुषच असं नसावं. भाची जिच्या कुशीत वाढली त्या मावशीला पाठवावं, नवऱ्याने चार दिवस घर सांभाळावं.

आणि नाही म्हणायचं ठरलं तर लवकर म्हणावं, फोन करून म्हणावं. ‘बघू, जमवतो’ हे आपलं आवडतं उत्तर या बाबतीत सर्वांत वाईट, कारण यजमानांना खोल्यांचा आकडा हॉटेलला आगाऊ द्यावा लागतो आणि पैसेही भरावे लागतात. आजारपणाची किंवा ऑफिसची सबब रचू नये, ती पुढच्या भेटीत उघडी पडते. ‘ताई, तिकडे येणं आम्हाला झेपणार नाही. लग्नाआधी दोघांना आमच्याकडे केळवणाला पाठव’ एवढं पुरतं. मग त्या केळवणात कसूर करू नये. पाटाभोवती रांगोळी काढावी, मुलाला लहानपणी आवडायचं तेच गोड करावं, होणाऱ्या सुनेला काय चालतं-आवडतं ते आधी विचारून घ्यावं, आणि जो आहेर मांडवात दिला असता तो तिथेच तिच्या ओटीत घालावा.